औषधांचा डबा आवरला त्याबद्दल

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

औषधांचा डबा मी तुम्हाला न विचारता आवरला. आई, तू दुपारी पडली होतीस आणि बाबा फिरायला गेले होते, तेवढ्यात. समोर बसून केलं असतं तर एकेका स्ट्रिपवरून वाद झाला असता आणि निम्म्या परत डब्यात गेल्या असत्या. तरी निघाल्यापासून मनाला चुटपुट लागली आहे. डबा तुमचा, दुखणी तुमची, आणि निर्णय मी घेऊन टाकला. रागवा हवं तर, पण काय काढलं आणि का काढलं ते नीट वाचा.

रोजच्या गोळ्यांना हात लावलेला नाही. बाबांची हृदयाची, छातीची, कोलेस्टेरॉलची गोळी, आई तुझी रक्तदाबाची, सगळं जागच्या जागी आहे. चहासुद्धा दोघांचा तसाच राहणार आहे. त्याबद्दल पुढे एक विनंती आहे, तेवढीच.

बाबा, तुम्ही म्हणाल, "लिव्हरचा रिपोर्ट तर नॉर्मल आहे." एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशी फुटून रक्तात किती गळती झाली त्याचा आकडा. यकृत कुठलं औषध किती वेगाने निकाली काढतंय, हे त्यावरून कळत नाही. गळती शून्य असूनही एका औषधाने दुसऱ्याची वाट अडवलेली असू शकते, आणि मला काळजी तिचीच आहे.

बहुतेक गोळ्या शरीरात शिरतात त्या तेलाच्या जातीच्या असल्यामुळे. मूत्रपिंड मात्र पाण्यात विरघळणारंच बाहेर टाकतं. मधलं काम यकृताचं. आतड्यातून आलेलं रक्त आधी तिथेच जातं. सायटोक्रोम पी-४५० नावाची एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, औषधाच्या रेणूला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवतात. मग दुसऱ्या टप्प्यात त्यावर ग्लुकुरॉनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन जोडलं जातं आणि माल पाण्यात विरघळायला लागतो. पहिल्या टप्प्यात औषध नेहमी निरुपद्रवी होतंच असं नाही. कधी ते तिथेच जागं होतं, कधी तिथेच विखारी होतं.

आई, तुझ्या सर्दीच्या गोळ्या मी याच कारणाने काढल्या. गुडघ्यासाठी तू पॅरासिटामॉल ६५० घेतेस, दुखणं वाढलं की दिवसाला ४. झाले २६०० मिलीग्रॅम. त्यात सर्दी झाली की ती रंगीत गोळी ३ वेळा. तिच्या मागची बारीक अक्षरं मी भिंगाखाली वाचली, त्यातही ५०० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल आहे. म्हणजे आणखी १५००. बेरीज ४१०० झाली. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा ४००० आहे आणि तुझं वजन ४६ किलो. तू एकही गोळी जास्तीची घेतलेली नाहीस, तरी मर्यादा ओलांडलीस.

नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉलचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग सरळ दुसऱ्या टप्प्यातून निघून जातो. उरलेल्यातला थोडा पी-४५० च्या हाती लागतो आणि त्याचं एनएपीक्यूआय नावाचं विखारी द्रव्य बनतं. ग्लुटाथायोन ते तिथल्या तिथे बांधून टाकतं. मात्रा वाढली की सल्फेट अपुरं पडतं, जास्त माल या वाटेला येतो, ग्लुटाथायोनचा साठा संपत जातो आणि मोकळं एनएपीक्यूआय पेशींच्या प्रथिनांना चिकटतं. यकृताच्या षटकोनी खंडिकेत मधल्या शिरेभोवतीच्या पेशींत हे एन्झाइम सर्वांत जास्त आणि ग्लुटाथायोन सर्वांत कमी, म्हणून पेशी मरायला सुरुवात तिथून होते. दिवस दिवस न खाता राहिलं तरी हा साठा घटतो. आजारपणात तुझं जेवण सुटतं आणि गोळ्या वाढतात, दोन्ही एकाच वेळी. मला सगळ्यात भीती त्याची वाटते.

म्हणून आता फक्त ५०० ची गोळी, दोन गोळ्यांत ६ तासांचं अंतर, दिवसाला ४ पेक्षा जास्त नाही. डॉक्टरांशी बोलूनच हे ठरवलं आहे. चुकून जास्त गेल्या असं वाटलं तर "मला काही होत नाहीये" म्हणून घरी थांबायचं नाही. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काहीच जाणवत नाही, यकृताची खरी हानी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसते. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा ८ तासांच्या आत मिळाला तर यकृत जवळजवळ नक्की वाचतं. तेव्हा लगेच निघायचं, रात्र असली तरी.

लहानपणी मला ताप आला की बाबा सिरपचं टोपण उजेडासमोर धरायचे, औषधाची कड रेघेला टेकली की नाही ते डोळे बारीक करून बघायचे, आणि एक थेंब जास्त झाला तरी बाटलीत परत ओतायचे. माझ्या अंगात जे जाणार त्याबद्दल तुम्ही इतके काटेकोर होतात. स्वतःच्या बाबतीत "होईल काय त्यात" म्हणता, ते मला ऐकवत नाही.

बाबा, आता तुमचं. तुम्ही सिगारेट सोडलीत याचा मला किती आनंद आहे ते पत्रात मावणार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसणार. धुरातल्या डांबरातली द्रव्यं सीवायपी १ए२ हे पी-४५० च्याच कुटुंबातलं एन्झाइम वाढवून ठेवतात. थिओफिलिन, म्हणजे तुमची छातीची गोळी, त्याच एन्झाइमने निघते. इतकी वर्षं धुरामुळे ती झपाट्याने निघत होती आणि डोस त्या हिशेबाने लावलेला होता. धूर थांबला की आठवडाभरातच एन्झाइम खाली येतं आणि तोच डोस रक्तात साचायला लागतो. मळमळ, हाताचा कंप, धडधड ही सुरुवात. पातळी फार चढली तर झटके येऊ शकतात. यात दोष सिगारेट सोडण्याचा नाही, डोस जुना राहिल्याचा आहे. डॉक्टरांना मी कळवलं आहे. रक्तातली पातळी तपासून ते डोस कमी करतील, तोवर मनाने काही बदलू नका. आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला कोणी सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिहून दिलं तर थिओफिलिनचं नाव आधी सांगा. ते हेच एन्झाइम अडवतं.

चहाची विनंती इथलीच. कॅफीनही सीवायपी १ए२ नेच निघतं. तुम्ही म्हणता हल्ली झोप लागत नाही, तर तोच कप आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ अंगात राहतो. शेवटचा कप दुपारी ४ च्या आत घ्या. सकाळचा हवा तसा प्या.

अर्धवट सोडलेल्या कोर्समधल्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या ५ गोळ्या मी काढल्या. घसा दुखला की तुम्ही त्या मनाने घेतल्या असत्या, मला माहीत आहे. ते औषध सीवायपी ३ए४ ला नुसतं अडवत नाही, निकामी करून टाकतं. नवं एन्झाइम तयार व्हायला काही दिवस जातात. तुमची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी त्याच वाटेने जाते. दोन्ही एकत्र आली की तिची रक्तातली मात्रा सुमारे चौपट होऊ शकते, स्नायू तुटायला लागतात आणि त्यांचा चुरा मूत्रपिंडात अडकतो. मांड्या-दंड विनाकारण दुखणं आणि लघवी कोऱ्या चहासारखी होणं ही खूण. ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातल्या याच एन्झाइमला असाच मारतो. १९८९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांना हे अपघाताने कळलं: फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाबरोबर दारूचा परिणाम तपासताना दारूची चव झाकायला त्यांनी हा रस वापरला होता, आणि औषधाची पातळी भलतीच चढली.

अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल बदलून पँटोप्राझोल झाली आहे, तीही डॉक्टरांनीच बदलली. बाबा, तुमच्या हृदयाच्या गोळीतलं क्लोपिडोग्रेल निजलेलं असतं, यकृतातलं सीवायपी २सी१९ त्याला जागं करतं. ओमेप्राझोल त्या एन्झाइमला अडवतं आणि मग स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या धमनीत बसवलेल्या जाळीची, राखण कमी पडू शकते. पँटोप्राझोलचा हा त्रास फार कमी.

आई, झोपेची डायझेपाम मी काढलेली नाही, घाबरू नकोस. रोजची सवय असताना ती एकदम तोडली तर झोप उडते, जीव घाबरा होतो, क्वचित झटकेही येतात. पण ती कमी करायचीच आहे, हळूहळू, डॉक्टर सांगतील त्या पायऱ्यांनी. रक्तातली डायझेपाम अर्धी व्हायला विशीत सुमारे २० तास लागतात, ऐंशीच्या घरात सुमारे ९०. वयाने यकृत लहान होतं, त्याचा रक्तपुरवठा घटतो, पहिला टप्पा मंदावतो आणि चरबीत साठलेलं औषध सावकाश बाहेर येतं. मंगळवारची गोळी शुक्रवारी सकाळीही अंगात असते. न्हाणीघरात तुझा तोल जातो तो म्हातारपणाने, असं तू धरून बसली आहेस. मला त्यात या गोळीचा हात दिसतो.

"लिव्हर साफ करणाऱ्या" कॅप्सूल मात्र फेकल्या. त्यात हळदीचा अर्क आणि पायपेरिन, म्हणजे मिऱ्यातलं द्रव्य, आहे. पायपेरिन तिथे घालतात ते एन्झाइम्स अडवून हळदीचा अंश अंगात जास्त मुरावा म्हणूनच. तुमच्या इतर गोळ्यांवरही ते तेच करू शकतं. अशा अर्कांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. ज्यांनी दिल्या त्यांनी प्रेमाने दिल्या, त्यांना काही बोलू नका. भाजीतल्या हळदीचा याच्याशी संबंध नाही.

डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे, मोठ्या अक्षरांत. दोघांच्या गोळ्या, मात्रा, वेळा, आणि "सिगारेट बंद" ही नोंद तारखेसह. कुठल्याही डॉक्टरांकडे, दाताच्या सुद्धा, तो घेऊन जायचा आणि नवी गोळी मिळाली की विचारायचं: ही यातल्या कुठल्या गोळीला अडवते का, की लवकर पळवते? लाज वाटायची गरज नाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी दाखवायचं.

आई, कागद बाबांना वाचून दाखव, ते चष्मा शोधत बसतील. आणि कप धरताना त्यांचा हात थरथरतो का ते रोज सकाळी बघ. थरथरला तर मला लगेच फोन कर, मी कामात असले तरी उचलेन.

तुमची,
चिमू