भीती कुठून येते

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. लहानपणी कुठूनही उड्या ठोकणारे आपण, आता शिडीच्या चौथ्या पायरीवर पाय का लटपटतात, असं विचारलंयस. प्रश्न डोक्यात घुसून बसला, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी एक शंका. आपण खरंच एवढे निर्भय होतो का रे? अंधाऱ्या खोलीतून काही आणायचं झालं की तू मला सोबत न्यायचास, आणि येताना दोघंही पळत सुटायचो. भ्यायचो आपणही, फक्त भलत्याच गोष्टींना.

उंचीचं म्हणशील, तर त्यावर फार मजेशीर प्रयोग झालेत. १९६० साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी रांगत्या बाळांना जाड काचेच्या टेबलावर सोडलं. काचेखाली एका बाजूला खोल दरी दिसेल अशी रचना. पलीकडून आई बोलावत होती, तरी बहुतेक बाळं कडेलाच थांबली. पुढे इतरांना आढळलं की नुकतं रांगू लागलेलं बाळ तितकं बिचकत नाही. थोडं रांगून मुरलं की मग बिचकतं. मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ यांचं निरीक्षण तर मला फारच आवडतं. रांगताना धोक्याचा उतार ओळखायला शिकलेलं बाळ पायांवर उभं राहिलं की त्याच उतारावर पुन्हा बेधडक निघतं! सगळं नव्यानं शिकावं लागतं. म्हणजे ज्याला आपण धाडस म्हणतो, त्यातलं बरंचसं निव्वळ अज्ञान. ते गेलं म्हणून मी तरी सुतक पाळणार नाही.

पण १९८५ चा एक प्रयोग वाचून मी थबकलो. तीच काच, दरी मात्र उथळ, जावं की नाही असा संभ्रम पडेल इतपत. वर्षाचं बाळ कडेला येऊन आईच्या तोंडाकडे बघतं. आई हसरी असली, तर बहुतेक बाळं पार गेली. आईचा चेहरा घाबरलेला असला, तर एकही गेलं नाही. एकही!

आपल्या वाटची भीती तेव्हा मोठी माणसं बाळगत होती रे. आपण झाडावर, आणि जीव टांगणीला त्यांचा. आता मुलं तुझ्या तोंडाकडे बघतात. शिडीवर तुला स्वतःच्या हाडांबरोबर घरचे हप्ते, आईबाबांची औषधं, सगळं आठवतं. पाय लटपटणारच. ती भीती राहू दे.

मला खटकते ती दुसरी. तू या वयात गाणं शिकायला लागलास आणि दारं-खिडक्या लावून रियाज करतोस. तिथे पडून काय मोडणार आहे? लोक हसतील, एवढंच ना? लहानपणी पडलो की आधी गुडघा बघायचो. आता आधी आजूबाजूला कुणी बघितलं का ते बघतो. ही भीती कुणाचंच रक्षण करत नाही, उगाच जागा अडवून बसली आहे.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतोय. दार उघडं ठेवून गायचंस. मी हसणार आहे, आधीच सांगून ठेवतो. आणि शिडीवरचं काही काम असेल तर दोघं मिळून करू. खाली धरून उभा मी राहीन, वर तू.

तुझाच,
जुना मित्र