पौर्णिमेची भरती आणि विज्ञानाचा तास

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार वि. वि.

दरवर्षी २८ फेब्रुवारी जवळ आला, की मुंबईतल्या शाळांमधून राष्ट्रीय विज्ञान दिनाची लगबग सुरू होते. प्रदर्शने भरतात, खाण्याच्या सोड्याचे ज्वालामुखी फसफसतात, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, आणि १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला, हे वाक्य सातवीतला मुलगा न अडखळता म्हणून दाखवतो. त्या शोधाची सुरुवात ज्या प्रश्नाने झाली तो प्रश्न मात्र भाषणांतून क्वचितच ऐकू येतो. सप्टेंबर १९२१मध्ये इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या बोटीने परतताना भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून रामन यांना समुद्र निळा का, हा प्रश्न पडला. याचे उत्तर तेव्हा उपलब्ध होते आणि ते नोबेल विजेत्या लॉर्ड रॅले यांचे होते: समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब. रामन यांनी जवळच्या निकोल लोलकातून (ध्रुवित प्रकाश अडवणाऱ्या स्फटिकातून) परावर्तित प्रकाश वगळून पाणी पाहिले, तर निळा रंग नाहीसा होण्याऐवजी अधिकच गडद झाला. त्याविषयीचे टिपण त्यांनी बोट मुंबई बंदरात पोहोचताच ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवले. ज्या शहराच्या बंदरातून ते टिपण गेले, त्याच शहरातल्या शाळेत एखादे मूल ‘बाई, पुस्तकात लिहिलंय ते मला पटत नाही’ असे म्हणाले तर पुढे काय होते, हे मी ३१ वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवताना पाहिले आहे. काही वेळा ते माझ्याच हातून झाले आहे, म्हणून हे पत्र.

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा पाठ असतो. अमावास्या आणि पौर्णिमेला चंद्र, सूर्य व पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ती ओढ काटकोनात असल्याने भांगाची भरती येते. फळ्यावर आकृती काढून मी हे सांगत असताना कोळीवाड्यातून येणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘बाई, सगळ्यात मोठं पाणी पुनवेला नसतं, बीज-तीजेला असतं. आमचे आजोबा सांगतात.’ तास संपायला सात-आठ मिनिटे उरली होती, पाठ त्याच दिवशी संपवायचा होता, आणि वर्गात ६२ मुले होती. मी त्याला म्हटले, ‘आजोबांचं बरोबर असेल, पण परीक्षेत पुस्तकातलंच लिही.’ त्याने तसेच लिहिले आणि त्याला पूर्ण गुण मिळाले. त्यानंतर वर्षभरात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

त्याचे आजोबा बरोबर होते. महापालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. ती यादी दिनदर्शिकेशेजारी ठेवून पाहिली, तर सर्वात मोठी भरती बहुतेक वेळा पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी आलेली दिसते. महासागराचे पाणी तळाशी होणारे घर्षण आणि किनाऱ्याचा, उथळ समुद्राचा आकार यांमुळे चंद्र-सूर्याच्या ओढीला लगोलग दाद देत नाही. ते मागे रेंगाळते. पुस्तकातली आकृती चुकीची नाही, ती सोपी केलेली आहे. सोपी केलेली आकृती आणि समोरचा समुद्र यांत अंतर पडते, तेव्हा त्या अंतराचे काय करायचे, हे शिकवणे म्हणजेच विज्ञान शिकवणे. ही संधी त्या मुलाने माझ्यापुढे आणून ठेवली होती आणि मी ती सात मिनिटांसाठी सोडली.

त्या तासाला काय घडू शकले असते, याचा विचार मी नंतर अनेकदा केला आहे. भरती-ओहोटीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात. मुलांनी महिनाभर त्या कापून वहीत चिकटवल्या असत्या, तर भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते हे त्यांच्याच ध्यानात आले असते. मग ५० मिनिटेच का, याचा शोध घेताना पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, हे त्यांनी चेंडू फिरवून काढले असते. चंद्र दिवसातून एकदाच डोक्यावर येतो, तर भरती दोनदा का, असे कोणीतरी विचारलेच असते. माझ्या अनुभवात हा प्रश्न कोणत्याही वर्गात येतो आणि त्याचे उत्तर बहुतेक शिक्षकांना नीट देता येत नाही. चंद्राच्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त ओढले जाते आणि पलीकडचे पाणी केंद्रापेक्षा कमी, म्हणून दोन्ही बाजूंना फुगवटा येतो, हे समजायला मला स्वतःला शिक्षिका झाल्यावर काही वर्षे लागली. आणि जून-जुलैतली उधाणाची मोठी भरती मुंबईत बहुधा दुपारी बारा ते दोनच्या आसपासच का येते, रात्रीची तिच्याहून कमी का भरते, हा प्रश्न तर माहीम किंवा वरळीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलालाच सुचू शकतो. पाठ्यपुस्तक साऱ्या राज्यासाठी असते; त्यात हा प्रश्न नसणे स्वाभाविक आहे. तो विचारायला जागा असणे हे मात्र शाळेच्या हातात आहे. (भरती-ओहोटी सातवीच्या भूगोलात आणि गुरुत्वाकर्षण दहावीच्या विज्ञानात, ही वाटणी आपण केलेली आहे. मुलाच्या कुतूहलाला ती ठाऊक नसते.)

शिक्षकांनी मुलांना बोलू द्यावे, हा सल्ला आम्ही प्रत्येक सेवांतर्गत प्रशिक्षणात ऐकला आहे, तोही बहुधा चार तास गप्प बसून. अडचण सल्ल्याची नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याचे कलम २९ सांगते, की मुलाने कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकावे आणि त्याला भीतीमुक्त वातावरणात आपली मते मोकळेपणाने मांडता यावीत. त्याच अधिनियमाचे कलम २४ शिक्षकाला बजावते, की संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावा. यातल्या दुसऱ्या गोष्टीची तपासणी टाचणवहीवरून (शिक्षकाच्या पाठनियोजनाच्या वहीवरून) होते, पर्यवेक्षक लाल शाईने खूण करतात, पालक ‘पोर्शन झाला का’ असे विचारतात. पहिलीची तपासणी कोणी करत नाही, आणि करू लागले तर मला त्याचीच जास्त भीती वाटते.

ही भीती अनाठायी नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे केवळ परीक्षेऐवजी वर्षभर मुलाची प्रगती पाहण्याची पद्धत, आली, तेव्हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण आकारिक (शिकता शिकता होणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदी भरता भरता आमची दमछाक झाली आणि मुलांचे प्रकल्प शाळेबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळू लागले. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा आपल्या प्रश्नपत्रिकेतला खरे तर सर्वात सुंदर प्रश्न. त्याचीही उत्तरे गाईडमध्ये छापून आल्यापासून मुले कारणे शोधत नाहीत, पाठ करतात. मुलांच्या प्रश्नांना उद्या गुण देऊ केले, तर ‘अपेक्षित प्रश्नसंचा’सोबत ‘विद्यार्थ्यांनी विचारावयाचे अपेक्षित प्रश्न’ही बाजारात येतील, याविषयी मला शंका नाही.

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या दोन वर्षांत, त्या मुलाची आठवण ठेवून, मी आठवीच्या वर्गात दर शुक्रवारचा एक तास मुलांच्या प्रश्नांसाठी राखून पाहिला. त्याची यशोगाथा सांगण्याचा माझा इरादा नाही. पहिले तीन आठवडे कोणीच बोलले नाही. नंतर चारच मुले बोलत राहिली आणि मागच्या बाकांवरच्या मुली वहीत पाहत बसल्या. मग मी तोंडी प्रश्न बंद करून एका डब्यात चिठ्ठ्या टाकायला सांगितले आणि पहिल्याच आठवड्यात सर्वात चांगले प्रश्न त्याच मुलींकडून आले: कुकरची शिट्टी होते तेव्हा आतले पाणी किती तापलेले असते, लोकलच्या डब्यात उडणारी माशी गाडीबरोबर कशी पुढे जाते, पावसाळ्यात मीठ ओले होते तर साखर तितकी का होत नाही. प्रत्येक प्रश्नावर मुले आधी शेजाऱ्याशी बोलत, मग अंदाज सांगत, मग एकमेकांचे अंदाज खोडत. आवाज होई. शेजारच्या वर्गातून तक्रार आली आणि दोनदा पर्यवेक्षक दारात येऊन उभे राहिले. मिठाच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मलाही आले नाही. ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ हे मी वर्गात मोठ्याने म्हणायला वयाची पन्नाशी उलटावी लागली, याची आता लाज वाटते.

याच काळात मला माझ्याच सवयीचा शोध लागला. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले होते, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलतात आणि स्वतःहून प्रश्नही विचारू लागतात. मी मनातल्या मनात तीन आकडे मोजून पाहिले. भरलेल्या वर्गासमोर गप्प उभे राहिले, की ते तीन सेकंद फार मोठे वाटतात. त्याला खर्च मात्र काहीही येत नाही.

भाषेचा मुद्दा मुंबईपुरता तरी स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. आमच्या शाळेत सेमी इंग्रजीचे वर्ग सुरू झाले आणि विज्ञानाचे पुस्तक इंग्रजीत आले, तेव्हा प्रश्नांची संख्या डोळ्यांदेखत घटली. मुलांना व्याख्या इंग्रजीत पाठ होत, पण शंका मराठीत, कधी कोळी बोलीत, कधी घरच्या हिंदीत येत असे, आणि ती इंग्रजीत कशी विचारावी हे न कळल्याने मूल खाली बसे. माध्यमाच्या वादात मला शिरायचे नाही. पुस्तक कोणत्याही भाषेतले असो, प्रश्न आणि चर्चा मुलाला सुचेल त्या भाषेत चालेल, एवढे शाळेने उघडपणे सांगितले तरी पुष्कळ आहे. उधाण आणि भांग हे शब्द ज्याच्या घरात रोज बोलले जातात, त्याला ‘स्प्रिंग टाइड’ म्हणजे उधाणाऐवजी वसंतातली भरती वाटली, तर दोष त्याचा नाही.

असे शिक्षण मोठ्या प्रमाणावर जमणार नाही, हा आक्षेप मी ओळखून आहे. त्याला उत्तर शेजारच्या राज्यात आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचाही हात होता. मुले गटागटाने प्रयोग करत आणि त्यावर वाद घालत, परीक्षेला पुस्तक उघडून बसत, आणि मनातले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्राने विचारत. त्या पत्रांना उत्तरे जात. पुढे हा कार्यक्रम शेकडो शाळांत पसरला आणि ३० वर्षे चालून २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. साध्या सरकारी शाळांत हे इतकी वर्षे चालले, ही गोष्ट माझ्या दृष्टीने तो बंद पडण्याइतकीच बोलकी आहे. मुंबईत तर १९७४ पासून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद आहे, वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे. यांपैकी कोणाचीही उणीव नाही. उणीव आहे ती वेळापत्रकातल्या एका चौकोनाची.

म्हणून महापालिकेच्या आणि राज्याच्या शिक्षण विभागाकडे मागणी एवढीच, की सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास मुलांच्या प्रश्नांसाठी अधिकृतपणे राखावा, त्या तासाला टाचण, गुण, अहवाल आणि छायाचित्रे यांतून मुक्त ठेवावे, आणि अभ्यासक्रमाचा तेवढा भार खरोखर कमी करावा. नाहीतर डिसेंबर उजाडला की तो तास गणिताच्या उजळणीला जाईल. शिक्षकांच्या प्रशिक्षणातही भाषणाऐवजी एखादा खराखुरा अनुत्तरित प्रश्न त्यांच्यापुढे ठेवून त्यांनाच भांडू द्यावे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. भरती-ओहोटीच्या वेळा पावसाळ्यात ठळकपणे छापल्या जातात आणि एरवी कोपऱ्यातून गायब होतात. त्या बाराही महिने, दिवसाच्या व रात्रीच्या दोन्ही भरत्यांच्या उंचीसह आणि शेजारी तिथी देऊन छापता आल्या, तर वर्गात कात्री घेऊन बसणाऱ्या मुलांना पौर्णिमा आणि बीज शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
माहीम, मुंबई