दिल्लीहून सोळा तास

नागपूर, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू रागाने फोन ठेवलास. “काहून लपवलं, बाबा?” हा तुझा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आईची अँजिओप्लास्टी मंगळवारी झाली आणि तुला कळलं दोन दिवसांनी. आत जाताना ती म्हणाली होती, मुक्ताला सांगा. मीच नाही सांगितलं.

डॉक्टरांनी सही घेतली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तुझ्याकडे मंगळवारची सकाळ, नऊ. बाहेर बाकावर बसून मी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. सॅन फ्रान्सिस्को ते दिल्ली १६ तास, दिल्ली ते नागपूर पावणेदोन, मधे थांबणं, सोनेगाव विमानतळावरून घर. तिकीट लगेच मिळालं तरी एक दिवस उलटतोच. एवढा वेळ तू विमानातल्या खुर्चीवर एकटी, काय ऐकायला मिळेल या धास्तीत. मला ते पाहवेना.

तात्या गेले तेव्हा मी मुंबईला होतो. तार आली, रात्रीची गाडी पकडली. ८३७ किलोमीटर. बडनेऱ्याला उतरून मी चहा प्यालो. घराच्या दारापुढच्या चपला पाहिल्या आणि कळलं. तो चहा मला अजून सलतो, मुक्ता.

आणि तात्यांची नोकरी कुठली, तर सोनेगावच्या रात्रीच्या टपालाची! १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंची विमानं मध्यरात्री इथे उतरायची, थैल्या बदलायच्या आणि पहाटेच्या आत परत निघायची. साऱ्या देशाची पत्रं वेळेवर पोचवणाऱ्या माणसाचा मुलगा स्वतः उशिरा पोचला.

तू सातवीत असताना ग्लोबवर धागा ताणून दाखवला होतास. नागपूरहून अमेरिकेचा पश्चिम किनारा, धागा सरळ वर आर्क्टिकमधून गेला. सुमारे १३,००० किलोमीटर. मी आठवडाभर ऑफिसात सगळ्यांना सांगत होतो. तेव्हा ते अंतर किती छान वाटलं होतं.

बरं, पासपोर्ट हाताशी ठेवत जा. तिकिटापुरते पैसे वेगळे काढून ठेव, त्यांना हात लावू नकोस. रात्री फोन बंद करू नकोस. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की साडेबाराऐवजी साडेतेरा तासांचा फरक पडतो, लक्षात ठेव.

पुन्हा उपदेश सुरू झाला. माफ कर. ठरवून बसलो होतो की फक्त माफी मागायची.

आई बरी आहे. काल गल्लीच्या टोकापर्यंत चालून आली, वाटेत काकूंशी पंधरा मिनिटं बोलली. तुझ्यावर रागावलेली नाही, माझ्यावर आहे.

यापुढे आधी तुला सांगेन. तुझ्याकडे रात्रीचे दोन वाजले असले तरी. मग निघायचं की नाही ते तू ठरव. फक्त निघालीस तर दिल्लीला उतरल्याबरोबर फोन कर. मी सोनेगावला तासभर आधीच येऊन उभा राहीन.

तुझा,
बाबा