स्कूटरच्या कंट्रोलरचीही चाचणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, 'एआयएस-१५६' या बॅटरी-सुरक्षेच्या मानकात दुरुस्त्या झाल्या आणि बॅटरीचे निकष कडक झाले. ते योग्यच झाले. पण मुठीच्या सिग्नलनुसार बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या मोटर कंट्रोलरची चौकशी गिऱ्हाईकही करत नाही आणि विकणाराही.

थ्रॉटलमध्ये, म्हणजे वेग कमीजास्त करायच्या मुठीत, हॉल सेन्सर असतो; मूठ किती पिळली हे तो चुंबकावरून ओळखून कंट्रोलरला कळवतो. त्याला तीन वायरी: ५ व्होल्टची लाल, ग्राउंडची काळी आणि सिग्नलची. मूठ सोडलेली असताना सिग्नल साधारण ०.८ व्होल्ट असतो, पूर्ण पिळल्यावर चारच्या आसपास जातो. हँडल वळवून वळवून गळ्यापाशी काळी वायर आतून तुटते, वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. ग्राउंड गेले की सिग्नल ५ व्होल्टकडे चढतो. चांगला कंट्रोलर साडेचारच्या वरचा व्होल्टेज बिघाड मानून मोटर बंद करतो. स्वस्त कंट्रोलर त्यालाच पूर्ण थ्रॉटल समजतो आणि मूठ सोडलेली असतानाही गाडी सुसाट सुटते. अशा वेळी ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा ब्रेक लिव्हरमधला कट-ऑफ स्विचच कामी येतो. गॅरेजमध्ये तो बायपास करून देणे हा शुद्ध निष्काळजीपणा आहे.

चाचणी सोपी आहे, पण ती मेकॅनिकनेच करावी. गाडी मेन स्टँडवर, मागचे चाक अधांतरी, एकाचा हात एमसीबीवर (बॅटरीचा मुख्य स्विच). चावी चालू असताना काळी वायर सोडवायची. चाक फिरता कामा नये. मग वायर सुटलेली ठेवूनच चावी बंद करून पुन्हा चालू करायची. दोन्ही वेळा बघणे गरजेचे, कारण काही कंट्रोलर फक्त चावी लावतानाच थ्रॉटल तपासतात.

दुसरा नेहमीचा बिघाड मॉसफेट, म्हणजे कंट्रोलरमधले मोटरची वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट होण्याचा. चावी बंद असूनही गाडी ढकलताना चाक झटके देत जड फिरते. एमसीबी पाडून, कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरू देऊन पिवळी, हिरवी, निळी अशा मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही फेज वायरी सुट्या कराव्यात. चाक मोकळे झाले तर दोष कंट्रोलरचा. तरीही जडच राहिले तर मोटरची वाइंडिंग किंवा बेअरिंग बघावे.

२५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या आतल्या गाड्यांना आरटीओ नोंदणी नाही, त्यामुळे त्यांच्याबाबत विक्रेत्याची तपासणी हाच शेवटचा अडसर. विक्रीआधीच्या तपासणीपत्रकात थ्रॉटल-ग्राउंड चाचणीचा रकाना असावा आणि कंट्रोलरच्या एलईडी-बीपच्या फॉल्ट कोडचा तक्ता प्रत्येक गाडीबरोबर मराठीत मिळावा.

– इलेक्ट्रिक दुचाकी दुरुस्त करणारे काही तंत्रज्ञ, पुणे