मे महिन्यात जैसलमेर?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. कालच्या पुरवणीतला जैसलमेरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत. बाकी लेखकमहाशय स्वतः तिथं जाऊन आलेत का, एवढंच विचारायचंय, कारण मे महिन्याच्या सुट्टीत पोरंबाळं घेऊन वाळवंटात जा म्हणणाऱ्या माणसाला काय बोलायचं? पारा ४५ च्या वर जातो तिथं. समच्या वाळूच्या टेकड्यांच्या बाजूचे बरेच तंबूंचे कॅम्प तेव्हा बंदच असतात.

आणि 'कॅम्पवर अस्सल राजस्थानी जेवण'! आम्ही डिसेंबरात गेलेलो. कॅम्पच्या मालकानं फोनवर केर-सांगरीची भाजी, बाजरीची रोटी, दाल-बाटी सगळं कबूल केलं आणि ताटात आलं काय, तर पनीर बटर मसाला न् मंचुरियन. बाटी होती, पण आपटली तरी फुटंना. तूप मागितलं तर वाढणारं पोरगं म्हणतंय एक्स्ट्रा लागेल. उंटाची फेरी पण एक्स्ट्रा, तीही सूर्य बुडायच्या आत आटोपली कारण पुढचं गिऱ्हाईक उभं होतं. कालबेलिया नाच कसाबसा उरकला की डीजे सुरू, आणि त्यावर पुण्याची मंडळी मराठी गाण्यांवर नाचतायत. मालकाला झापलं तर तो म्हणाला, साब, महाराष्ट्रवाले तो पनीरही मांगते है. आता यावर काय बोलणार.

केर-सांगरी शेवटी मिळाली ती किल्ल्याखालच्या बाजारात, चार बाकड्यांच्या भोजनालयात. आमचूर, सुक्या लाल मिरच्या, तेल सुटलेलं, सोबत ताक. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, दसऱ्याला आपण जी शमी पुजतो तेच झाड. तुमच्या लेखकानं तिला 'गवारीसारखी भाजी' म्हणून वाटेला लावलंय. घोटुआ लाडवाचं नाव नाही. ११५६ पासूनच्या किल्ल्यात आजही लोक संसार करतात, त्याबद्दल एक ओळ, आणि सगळं गाव पूर्वी ज्याचं पाणी प्यायचं त्या गडीसर तलावाला काय, तर 'बोटिंगची सोय आहे'. दुष्काळी जत-आटपाडीत पेपर वाचणाऱ्यांना तरी तलावाचं दोन ओळी जास्त सांगायच्या होत्या की!

शिवाय 'पुण्याहून विमानानं जा' कशासाठी? मिरजेवरून जोधपूरला थेट रेल्वे आहे, पुढं जैसलमेरला दुसरी गाडी मिळते. सांगलीच्या पेपरात मिरज जंक्शन कुणाला आठवू नये म्हणजे कमाल आहे.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं छापायचं का बंद केलंत? फोन केला तर जाहिरात विभागाला जोडून देतात.

आपला,
एक जुना वाचक, विश्रामबाग, सांगली