मारिओत मागं फिरता येत नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमवर एक लेख होता. त्यात शेवटी शेवटी लेखकांनी लिहिलंय की शोधाशोध करत, उड्या मारत, लढत पुढं जायचे जे गेम असतात, ज्यांना पोरं मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात, ते नवख्या माणसानं घेऊच नयेत, पैसे वाया जातात. आता मी नवखीच आहे. वय ५३, नारायण पेठेत ब्लाऊज शिवते, आणि गेले तीन महिने रात्री मशीन झाकून ठेवलं की असलाच एक गेम खेळत बसते. मग म्हटलं उत्तर आपणच द्यावं, ज्यांना सगळं येतं त्यांनी कशाला आमच्या वतीनं बोलायचं.

सुरुवात कशी झाली ते सांगते. २०२५ च्या ४ सप्टेंबरला, म्हणजे गणपती विसर्जनाच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी सोसायटीत आरतीची वेळ आणि आमचे चिरंजीव लॅपटॉपसमोरून हलेनात. सिल्कसाँग नावाचा गेम त्या संध्याकाळी येणार होता, २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेला, साडेसहा वर्षं लोक वाट बघत होते, आणि तो आल्याबरोबर जगभर एवढी झुंबड उडाली की ऑनलाईन दुकानं बसली, पैसे भरायचं पानच उघडेना. मी प्रसाद द्यायला म्हणून खोलीत गेले तर पडद्यावर लाल कपड्यातली एक छोटी किड्यासारखी मुलगी आणि तिच्या हातात चक्क सुई, मागं रेशमाचा धागा. मी ३० वर्षं सुई धरलीय, मला राहवेना. म्हटलं मला दे जरा. तर म्हणाला, "आई, हा तुला नाही जमायचा."

खरं सांगायचं तर नाहीच जमला. पहिलाच मोठा शत्रू, त्यानं मला सात-आठ वेळा झोपवलं. त्या मुलीचा खालचा वार सरळ खाली जात नाही, तिरका जातो, आणि माझी बोटं तिरकं काही ऐकायला तयार नाहीत. त्या लेखकांनी नवख्याला सिल्कसाँग दिला असेल आणि तो रडला असेल तर त्यात नवल नाही, कारण हा गेम केलाय याच्या आधीचा गेम, हॉलो नाइट, खेळून हात बसलेल्यांसाठी. मुळात तो आधीच्या गेमची पुरवणी म्हणूनच सुरू झाला होता, मग वाढत वाढत स्वतंत्र झाला. आल्यावर थोड्याच दिवसांत करणाऱ्यांनी स्वतःच सुरुवातीचे दोन शत्रू थोडे सोपे केले, म्हणजे ओरडणारे एकटे नवखे नव्हते. पण एक गेम अवघड निघाला म्हणून सगळी जातच नवख्यांना बंद, हे कुठलं गणित? कटोरी ब्लाऊज जमला नाही म्हणून कोणी शिवणक्लासला कुलूप लावतं का?

मग मुलानं मला पहिला दिला, हॉलो नाइट. २०१७ चा आहे, ऑस्ट्रेलियात अॅडलेडला टीम चेरी म्हणून अगदी दोन-चार माणसांची टीम आहे त्यांनी केला, आणि तोही वर्गणी काढून. ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले होते, लोकांनी ५७ हजारांच्या वर दिले. आपल्या मंडळांना अशी वर्गणी जमली तर काय पाहिजे! जुन्या लॅपटॉपवरही मजेत चालतो. कीबोर्डवर झेडनं उडी, एक्सनं वार. यात आपण असतो एक छोटा किडा, त्याच्या हातातल्या हत्याराला गेममध्ये नेल म्हणतात, म्हणजे खिळा. मी आपली सुई सोडून खिळ्यावर आले.

आता मुद्द्यावर येते. नवख्याला अवघड काय जातं, तर सगळे म्हणतात बोटं. बोटं हळूहळू वळतात हो, माझी वळली. अवघड जातं ते मागं फिरणं. आमच्या पिढीनं गेम म्हणून काय पाहिलं, तर नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा तो डबा, कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम लिहिलेले आणि आत पाच-सहाच, पण त्यात मारिओ नक्की. तो १९८५ चा. त्यात एकदा पडदा पुढं सरकला की मागं जाताच यायचं नाही, डाव्या कडेला जाऊन आपटायचं नुसतं. उजवीकडं पळा, झेंडा गाठा, संपलं. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९८६ ला, मेट्रॉइड आला, त्यात सुरुवातीलाच उजवीकडं गेलात तर अडकता, कारण लागणारी शक्ती डाव्या बाजूला ठेवलेली. हे मला मुलानं सांगितलं तेव्हा मी हातातलं काम थांबवलं. केवढी खोडी आहे बघा, आदल्या वर्षी सगळ्या जगाला उजवीकडं पळायची सवय लावली आणि आता म्हणे मागं वळून बघ. त्या मेट्रॉइडमधला तो चिलखतवाला लढवय्या शेवटी शिरस्त्राण काढतो तर बाई निघते, हे पण मला तेव्हाच कळलं. १९९७ ला कॅसलव्हेनिया नावाच्या दुसऱ्या गेमचा एक मोठा भाग त्याच वळणाचा आला आणि दोन्ही नावं जोडून हे मेट्रॉइडव्हेनिया झालं. नावालाच माणूस घाबरतो, आत काही नाही, आत बोळ आहेत.

बोळ म्हणजे खरंच बोळ. मी लग्न होऊन साताऱ्याकडून पुण्यात आले १९९५ साली. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी पिशवी हातात दिली आणि म्हणाल्या मंडईतून भाजी आण, येताना बोहरी आळीतून अस्तराचं कापड. नकाशा कुठला, फोन कुठला. मला पत्र्या मारुती माहीत होता कारण तो घराजवळ. मग तिथून जिलब्या मारुती, मग पासोड्या विठोबा, असं देव धरून धरून मी रस्ते शिकले, आणि पहिल्या महिन्यात तीनदा फिरून फिरून परत पत्र्या मारुतीलाच आले. कोणाला पत्ता विचारावा तर पुण्यात पत्ता अर्धाच सांगतात, "सरळ जा आणि पुढं विचारा". हॉलो नाइटमध्ये अगदी तस्साच एक गृहस्थ आहे, कॉर्निफर नावाचा, नकाशे विकतो. तो गुणगुणत बसलेला असतो, जवळ आलो की कागद पडलेले दिसतात, आवाज येतो, आणि त्याच्याकडून घेतलेला नकाशा असतो अर्धवट! पुढं विचारा! राहिलेलं आपण फिरायचं, गेममधल्या गावातल्या दुकानातून लेखणी विकत घ्यायची, आणि मग बाकावर टेकलं की जेवढं फिरलो तेवढं कागदावर येतं. आपण नकाशावर नक्की कुठं आहोत हे दिसायला होकायंत्र वेगळं घ्यावं लागतं, ते मी पहिल्याच फेरीत घेतलं, सगळ्या नवख्यांनी घ्यावं, त्यात कसली लाज.

आता मजा ऐका. पहिल्या गेममध्ये ग्रीनपाथ म्हणून हिरवागार भाग आहे, त्याच्या शेवटी तुमच्याशी लढायला कोण येतं, तर तीच, सिल्कसाँगमधली लाल कपड्यातली सुईवाली. हॉर्नेट तिचं नाव. दोरा बांधून सुई फेकते आणि परत ओढून घेते. ३० वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला सुईदोऱ्यानं मारायचं म्हणजे काय! मी मोजलंय, १९ वेळा हरले. इथं मेलं की जमवलेले पैसे तिथंच राहतात, तुमचीच काळी सावली ते धरून बसते, तिला जाऊन मारलं तर पैसे परत, पण वाटेत पुन्हा मेलात तर गेले ते गेलेच. १९ व्या वेळी मी लॅपटॉप बंद केला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी, माझ्या शिवणक्लासला एक नवीन मुलगी येते, तिची बाही उलटी लागली होती. म्हटलं उसव. तिच्या डोळ्यात पाणी. नवीन मुलींना हेच जड जातं, शिवायला सगळ्या तयार, उसवायला कोणी तयार नाही, त्यांना वाटतं उसवलं म्हणजे दिवस फुकट गेला. मी तिला समजावत होते आणि माझं मलाच हसू आलं, कारण मी तरी रात्री काय करत होते? तीच चुकलेली टीप १९ वेळा मारत होते. त्या रात्री मी हॉर्नेटकडं गेलेच नाही. उलट मागं फिरले, वर गावात आले, आधी एका बोळात सापडलेला एक छोटा दुकानदार आता गावात दुकान थाटून बसला होता, त्याच्याकडून वस्तू घेतल्या, सोडून दिलेल्या दोन वाटा बघितल्या, एका ठिकाणी उंचावर कट्टा होता तिथं हात पोचेना, म्हटलं राहू दे, लक्षात ठेवू. दोन रात्री नुसती भटकले. तिसऱ्या रात्री हॉर्नेट दुसऱ्याच झटक्यात पडली. बोटं तीच होती, मला घाई नव्हती एवढंच. आणि तिला हरवल्यावर जो झगा मिळतो त्यानं झपकन पुढं झेप घेता येते, तो मिळाला त्या क्षणी मला आठ दिवसांपूर्वीची एक खाई आठवली जी थोडक्यात ओलांडता येत नव्हती. रात्री साडेबाराला मी एकटी "अगंबाई" म्हणून ओरडले. या "अगंबाई"साठी गेम आहे हो तो. ज्याला वाट आधीच माहीत आहे त्याला हे मिळतच नाही, तेवढ्यापुरता तर नवखाच जास्त सुखी.

नवख्याची मजा घालवतात ते जाणकार. माझा मुलगा गुणी आहे, पण मी खेळत असले की मागं उभं राहून "आई डावीकडं, अगं डावीकडं, वर बघ ना", अरे गप की. मी त्याला स्पष्ट सांगितलं, विचारलं तरच बोलायचं आणि तेही पुणेरी पद्धतीनं अर्धंच सांगायचं. नवीन माणूस अडकला की त्याला काय विचारावं, तर "तू याआधी कुठली वाट सोडून आलास?" एवढंच. व्हिडिओ लावून आयतं उत्तर देऊ नये.

लेखकांचं एक मात्र बरोबर आहे, हे सगळ्यांना आवडेल असं नाही. ज्याला रोज अर्धाच तास मिळतो आणि त्यात काहीतरी पूर्ण झालं असं वाटायला पाहिजे, त्यानं नाही घेतला तरी चालेल, माझ्या जाऊबाईंनी दोन दिवसांत सोडला आणि परत पत्त्यांकडं गेल्या, त्यांचं काही चुकलं नाही. आणि हॉलो नाइटला सोपं-अवघड असं बटणच नाही, घ्याल तसा घ्यायचा. ज्यांना हात धरायला कोणी पाहिजे त्यांच्यासाठी या जातीतले मऊ गेमही आहेत की, प्रिन्स ऑफ पर्शियाचा लॉस्ट क्राउन, २०२४ चा, त्यात पुढं कुठं जायचं ते दाखवायची सोय आहे, अवघडपणा कमी करता येतो, आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे न जमलेल्या जागेचा फोटो काढून नकाशावर चिकटवता येतो, म्हणजे आपण भिंतीवर मापाची चिठ्ठी टाचतो तसं. ओरी म्हणून एक आहे त्याचा २०२० चा भाग सोप्यावर लावता येतो, दिसायलाही फार सुंदर. लेखात यातला एकही नव्हता. घेऊ नका लिहिण्यापेक्षा कुठून सुरू करा हे लिहिलं असतं तर चार माणसांचा फायदा झाला असता.

जाता जाता एक, कीबोर्डवर खेळून मनगट धरतं, मी तपकीर गल्लीतून स्वस्तातला कंट्रोलर आणला तर त्याची डावी काडी आपोआप एका बाजूला पळायला लागली, माझा किडा उभ्या उभ्या खड्ड्यात चालत जायचा. दुकानात गेले तर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी. तर घेताना दुकानातच लावून बघा.

आता लग्नसराई आहे, ११ ब्लाऊज पडलेत, थांबते. पत्र छापलंत तर नाव घालू नका, गिऱ्हाइकांना कळलं तर म्हणतील बाईंना शिवायला वेळ नाही आणि किडे मारायला आहे.

आपली,
एक वाचक,
नारायण पेठ, पुणे

ता. क. सध्या मँटिस म्हणून तिघी बहिणी आहेत त्यांच्यापाशी अडकलेय. आधी एकटी येते, ती पडली की मग दोघी एकदम. हरल्या की अदबीनं मान झुकवतात म्हणे, मुलाच्या तोंडून चुकून निघून गेलं. आज तिकडं जाणार नाहीये, आज तो उंचावरचा कट्टा बघून येते, आता भिंत चढता येते मला.