कणकेचा गोळा आणि चार तारा

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, "मागे ते घुमतंय काय गं?" तेव्हा घाईत काहीतरी सांगून मोकळी झाले. खरं ते सावकाश सांगायचं होतं.

मी बास गिटार शिकतेय. तीन महिने होत आले. साध्या गिटारीला सहा तारा असतात, हिला चारच. पण त्या जाड, आणि सूर पार खर्जात. दांडी इतकी लांब की पहिल्या पडद्यापर्यंत हात नेला की डावा खांदा ओढला जातो. रोज त्या क्षणी बाबांचा खांदा आठवतो.

शिकायला एकच गाणं धरलंय: 'थँक यू'. स्लाय अँड द फॅमिली स्टोन हा इथल्याच सॅन फ्रान्सिस्कोचा बँड. त्यांचं हे गाणं डिसेंबर १९६९ मध्ये आलं आणि फेब्रुवारी १९७० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. या प्रकाराला फंक म्हणतात. गाणं जवळजवळ सगळं एकाच सुराभोवती फिरतं, म्हणून नवशिक्याला झेपेल असं वाटलं. सूर झेपतात, लय मात्र अजून पूर्ण हाती आलेली नाही.

त्यात बास वाजवलाय लॅरी ग्रॅहम यांनी. मी राहते त्या ओकलंडमध्येच ते वाढले. आई, त्यांची गोष्ट तुझ्यासाठी. त्यांची आई डेल पियानो वाजवून गायची आणि हा मुलगा तिच्या साथीला असायचा. हातात गिटार, पायाखाली ऑर्गनचे खर्जाचे पेडल. एकदा तो ऑर्गन बिघडला, म्हणून त्यांनी बास भाड्याने आणला. पुढे ड्रमवालाही राहिला नाही. उरले मायलेक दोघंच. मग त्यांनी मोठ्या ड्रमच्या जागी अंगठ्याने तार ठोकायला घेतली आणि छोट्या ड्रमच्या जागी बोटाने तार ओढून सोडायला. आज जगभर बासवाले ज्याला स्लॅप म्हणतात, ते आईच्या गाण्याला ठेका कमी पडू नये म्हणून जन्माला आलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

अंगठा मारायचा कसा, तेही सांगते. दांडी संपते तिथे, शेवटच्या पडद्यांवर, अंगठ्याचं हाड तारेवर आपटायचं आणि लगेच उचलायचं. क्षणभर जरी टेकून राहिला तरी नाद मरतो. बाबा, तुम्ही पखवाजाच्या थापेबद्दल हेच सांगायचात ना, "हात ठेवू नकोस, उडव"? मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. तेच वाक्य इथल्या माझ्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी इंग्रजीत म्हटलं आणि मी मान खाली घालून तार पुसत बसले.

आणि सम! या लोकांकडेही सम आहे. फंकचे मोठे गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांकडून पहिल्या मात्रेचाच आग्रह धरायचे, तिला नुसतं 'द वन' म्हणतात. मधे हवं तसं फिरा, पण तिथे सगळ्यांनी एकत्र यायचं. एका आवर्तनात चार ठोके, प्रत्येकाचे चार भाग, म्हणजे सोळा. पहिल्या दिवशी सगळे इंग्रजीत मोजत होते, मी मनात त्रितालाच्या मात्रा मोजल्या आणि बरोबर समेवर आले.

अवघड जातात ते न वाजणारे स्वर. डावी बोटं तारेवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत. मग तार वाजवली की सूर निघत नाही, फक्त 'टक्' होतं. फंकमध्ये निम्मं काम या मुक्या आघातांचं. मेट्रोनोम, म्हणजे ठोके मोजून देणारं यंत्र, मिनिटाला साठवर लावून याच दोन ओळी मी महिनाभर घोटतेय. उजव्या तर्जनीला आलेला फोड फुटून तिथे आता घट्टा पडलाय. आई, काळजी करू नकोस, दुखत नाही.

लहानपणी देवळात मला गाणाराच दिसायचा. बाबा मागे पखवाज घेऊन बसलेले, आणि तू निघण्याआधी ओल्या कणकेचा गोळा डब्यात घालून द्यायचीस. डाव्या तोंडाला ती कणीक लागल्याशिवाय पखवाज घुमत नसे. तो खर्ज नसता तर अख्खं भजन हवेत तरंगलं असतं, हे मला आत्ता, स्वतः खर्ज वाजवायला बसल्यावर कळतंय. बाबा, तेव्हा एकदाही तुम्हाला "छान वाजवलंत" म्हटलं नाही. आज म्हणते. फार छान वाजवायचात.

खांद्यामुळे पखवाज बंद आहे, माहीत आहे. तो काढूच नका. एवढंच करा: भजनी ठेक्याच्या आठ मात्रा, समेवर टाळी, चारपाच मिनिटं, आणि आईने त्यावर तिचा आवडता अभंग म्हणायचा. फोनवर आवाज मागेपुढे होतो, लय जुळणार नाही, म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. मी खाली खर्ज भरते आणि रविवारी माझ्या सकाळी आठला, तुमच्या रात्री साडेआठला, ऐकवते.

आई, रेकॉर्ड करताना पंखा तेवढा बंद कर. त्याची घरघर आवाजात येते.

तुमची,
धाकटी